चौरंगावरची रायफल

रायफलची नळी मी फ्रीजरमध्ये ठेवली तेव्हा तिच्या शेजारच्या फॉइलच्या पुडक्यात काय आहे, ते बघितलं नाही. गॅरेजमधला आमचा आडवा फ्रीजर तेव्हा निम्मा आईचा असायचा. ती सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली की पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर तिचा ताबा बसायचा. खवलेला नारळ, सोललेले मटार, कढीपत्ता आणि फॉइलमध्ये चार-चार बांधलेल्या पुरणपोळ्या. नळी रायफलच्या मधल्या लोखंडी भागात आट्यांनी घट्ट बसली होती आणि काही केल्या सुटत नव्हती. थंड केली की आकसते आणि सुटते, असं मी इंटरनेटवर कुठंतरी वाचलं होतं. वाचलं ते खरं असेलही. पण मी आधीच त्या आट्यांवर गंज सोडवायचं तेल भरपूर मारून ठेवलं होतं, आणि ते तेल काही गोठत नाही, ही गोष्ट मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणीतरी नक्की सांगितली असणार. रविवारी पोळ्या तव्यावर गरम झाल्या, वर तूप पडलं, आम्ही बसलो. आईनं पहिला घास घेतला आणि थांबली. म्हणाली, "याला एसटी स्टँडचा वास येतोय." बायकोनं पोळीचा वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, जायफळ जास्त झालं असेल.

लोक आपल्या लहानपणाबद्दल लिहितात आणि त्याला मोठं होणं म्हणतात. मी सांगलीत नुसता उंच झालो. मोठा झालो असेन तर तो पस्तिशीनंतर, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी, दोन गाड्यांच्या गॅरेजात, आणि तेही तेवढ्या एका शरद ऋतूपुरता. त्या गॅरेजात आता एक ट्रेडमिल आहे, तिच्यावर कपडे वाळत असतात. पण तेव्हा तिथं एक लाकडी बाक होता, भिंतीवर हत्यारांच्या आकाराच्या खुणा मी मार्करनं काढल्या होत्या, आणि त्या खुणांवर त्यांच्या त्यांच्या जागी हत्यारं टांगलेली असण्याचा योग फार क्वचित यायचा.

रायफल बायकोची होती. हे सांगितलं की लोक अजून एकदा विचारतात. वैजू नागपूरची, कॉलेजात एनसीसीत होती आणि तिथं ती पॉइंट टू-टू रायफलनं नेम मारायची. चांगला मारायची, असं तिचा भाऊ सांगतो. ती स्वतः त्याबद्दल काही बोलत नाही. आमचं लग्न ठरताना तिच्या घरून जी माहिती आली तिच्यात आवडी म्हणून विणकाम आणि रांगोळी असं लिहिलेलं होतं. मुलाकडचे घाबरतील म्हणून नेमबाजी गाळली होती. लग्नानंतर कित्येक वर्षांनी मला ते कळलं, आणि घाबरण्यासारखं त्यात काय होतं, असं मी म्हणालो. तेव्हा ती पालेभाजी निवडत होती. तिनं नुसतं वर बघितलं आणि मी थोडा घाबरलो.

अमेरिकेत आल्यावरची पहिली काही वर्षं ती माझ्या व्हिसावर घरात बसून होती. नोकरी करायची परवानगी नव्हती, आणि बंदुकीच्या वाटेला तर जाऊच नका, असं आमच्या वकिलानं न विचारता सांगितलं होतं. त्या वर्षांत तिनं खरंच विणकाम केलं. आमच्याकडे अजून इतके स्वेटर आहेत की कॅरीतली थंडी त्यांना पुरी पडत नाही. मग ग्रीन कार्ड आलं. आमच्या ओळखीतल्या लोकांनी ग्रीन कार्डानंतर घरं घेतली, गाड्या बदलल्या, तिरुपतीला जाऊन आले. वैजूला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम मिळालं आणि महिन्याभरात ती गावाबाहेरच्या एका नेमबाजी क्लबची मेंबर झाली. तिथंच कुणा म्हाताऱ्याच्या मागं राहिलेली जुनी टार्गेट रायफल तिला मिळाली. दस्ता अक्रोडाचा, वजन तोललेलं, सगळं छान. फक्त नळी आतून गंजानं खाल्लेली. मी आत डोकावून बघितलं तेव्हा मला एक लांब काळोख दिसला आणि मी जाणकारासारखा 'हं' म्हणालो.

त्या नळीतून गोळ्या कशाही जायच्या. वैजू तिच्या गोळ्यांचे कागद घरी आणून फ्रिजवर लावायची. एकाच नेमाच्या गोळ्या, पण भोकं मूठभर तिळासारखी विखुरलेली. त्यात त्या वर्षी क्लबच्या बायकांच्या टीममधली एक जागा रिकामी झाली. राज्याच्या मॅचला चौघी जायच्या, तिघी ठरलेल्या होत्या, चौथी निवडण्यासाठी क्लबातच एका शनिवारी सकाळी मॅच ठेवली होती. वैजूनं हे मला जेवताना सांगितलं, ताटातल्या वरणभाताकडे बघत, जणू कुणा दुसऱ्याच बाईबद्दल सांगतेय. बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे चौकशी केली तर त्याच्याकडे नाताळानंतरची वेळ होती. क्लबची रायफल वापरायला मिळाली असती, पण ती सहा फुटी माणसाच्या मापाची. आमची वैजू पाच फूट एक, आणि तो एक ती हट्टानं सांगते. एवढं ऐकून मी भाताचा घास खाली ठेवला आणि म्हणालो, "त्यात काय, मी बदलतो नळी."

वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला आपण मूळचे मेकॅनिकल आहोत याची आठवण अशाच वेळी होते. वैजूनं वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "वॉल्टरला बरोबर घेशील?" मी दुखावलो. पण घेतलं.

वॉल्टर आमचा शेजारी. छापखान्यांची मोठी यंत्रं बसवण्यात त्याचा जन्म गेला होता, एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्यानं तो ऐकायचा नाही. हवामानाचे अंदाज तो रोज सांगायचा आणि ते रोज चुकायचे. आईचं आणि त्याचं विलक्षण जमायचं. ती त्याच्याशी सरळ मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, मध्ये चिवड्याची वाटी असायची, आणि दोघांपैकी कुणालाही दुभाष्या नको असायचा. त्याच्याकडे नळी धरायचा खास शिकंजा होता, लांब दांड्याचा पाना होता आणि ती दोन गेज होती, ज्यांच्यावर या सगळ्या कामाचा जीव. गेज म्हणजे गोळीच्या आकाराचे दोन छोटे पोलादी तुकडे. नवी नळी बसवली की एक तुकडा आत घालून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, लावायचा. तो बंद झाला पाहिजे. दुसरा घातल्यावर बंद होता कामा नये. झालाच तर नळी नीट बसलेली नाही आणि गोळी उडवली की नेम धरणाऱ्याच्या तोंडाशी काय होईल ते सांगता येत नाही. वॉल्टरनं हे मला समजावलं तेव्हा आई तिथंच स्टुलावर बसून लसूण सोलत होती. इंग्रजी तिला येत नाही, अशी माझी समजूत होती. वॉल्टरनं दोन्ही हात गालाजवळ नेऊन फुटल्याची खूण केली होती, तिला इंग्रजी कशाला हवं.

जुनी नळी शेवटी सुटली ती थंडीनं नाही, वॉल्टरच्या पान्यानं. मी इतके दिवस ती उलट्या बाजूला पिळून आणखी घट्ट करत होतो, हे त्यानं मोठ्या मनानं फक्त एकदाच सांगितलं. सुटताना ती कण्हली. लोखंड कण्हतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं पण ऐकलं तेव्हाच. नवी नळी कुरियरनं आली, पुठ्ठ्याच्या लांब डब्यात, तेलाच्या कागदात गुंडाळलेली. आईला वाटलं, पडद्याचा दांडा आहे. ती खिडकीपाशी धरून वैजूनं आतून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये नंतर शोधलं, पण तिथं सापडलं नाही.

कामं हळूहळू होत होती, कारण ती मी करत होतो. मॅच शनिवारी आणि त्याच दिवशी दसरा. शुक्रवारी मी सुट्टी काढली होती. बेत असा, की सकाळी वॉल्टर आला की नळी पक्की आवळायची, दोन्ही गेज लावून बघायची आणि दुपारी वैजू लॅबमधून लवकर आली की क्लबवर जाऊन नवी नळी किती डावी-उजवीकडे मारते ते बघून नेम जुळवून घ्यायचा. नळी बदलली की नेम नव्यानं जुळवावा लागतो. तो न जुळवता मॅचला उभं राहणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवणं.

शुक्रवारी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत आमची हत्यारं म्हणजे लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि भाजीची सुरी. आदल्या रात्री आईनं विचारलं, पूजेला काय काय ठेवू? मी फोनवर काहीतरी बघत होतो. म्हणालो, गॅरेजमधल्या बाकावरचं सगळं घे. हे वाक्य मी बोललो याला साक्षीदार आहे, नाहीतर मी नाकबूल केलं असतं.

आईचं घड्याळ सांगलीचं. कॅरीतला चंद्र तिला मान्य नव्हता. सांगलीत चंद्रोदय झाला की ती संकष्टी सोडायची, म्हणजे आमच्याकडे ऐन दुपारी, कडक उन्हात. त्यामुळे खंडेनवमीची पूजाही सांगलीत दिवे लागायच्या आत व्हायला हवी होती, म्हणजे आमच्याकडे सकाळी लवकर. तेवढ्या वेळात, सुट्टी असूनही, मी वरच्या खोलीत फोनवर ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये सापडलो होतो. बाहेर आलो तेव्हा घरभर उदबत्तीचा वास आणि गॅरेजातला बाक लख्ख रिकामा. असा रिकामा तो विकत आणल्या दिवसानंतर कधी दिसला नव्हता.

हॉलमध्ये चौरंगावर वैजूची रायफल आडवी ठेवलेली होती. नव्या नळीवर हळदीकुंकवाची बोटं, दस्त्यावर झेंडूची माळ. भोवती पाना, शिकंजा, स्क्रू-ड्रायव्हरचा सगळा संच मोठ्याकडून लहानाकडे मांडलेला, माझा लॅपटॉप नेहमी लागतो म्हणून नव्हे तर त्याच्यावर मेहेरबानी म्हणून एका कोपऱ्यात. ती दोन गेज निरांजनाच्या दोन बाजूंना, कुंकू लावून, छोट्या शाळिग्रामांसारखी. रांगोळी सुंदर होती. वॉल्टर आला, दारातच थबकला, टोपी काढून छातीशी धरली आणि हळूच मला विचारलं, कुणी गेलं का?

मी पान्याकडे हात नेला तर आई म्हणाली, "आज नाही. आज त्यांना विश्रांती. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की घे."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. मॅच, जागा, नेम जुळवणं. वॉल्टरही मदतीला आला आणि इंग्रजीत बराच वेळ बोलला. आईनं त्याला प्रसादाची वडी दिली. मग मी थोडं जोरात म्हणालो की इथं कुठला देव बघायला येतोय. तेव्हा तिनं वातीचं टोक साफ केलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "देवाचं राहू दे. ती नळी तू बसवलीयस. वैजूच्या गालाला लागून असणार ती. मला तुझे हात माहीत आहेत."

इथं थोडं थांबून माझ्या हातांबद्दल सांगायला हवं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी आमचा मिक्सर दुरुस्त केला होता. पहिल्याच वापरात झाकण छताला जाऊन चिकटलं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी स्वयंपाकघराच्या चारही भिंतींवर समान वाटली गेली. छतावरचा हिरवा डाग दोनदा रंग देऊनही दिसायचा. वडील पाहुण्यांना तो दाखवून सांगत, आमचा इंजिनिअर. तेव्हा आईचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा होता, असं मला आजही म्हणता येत नाही. तिनं बाकावरचं एकूणएक हत्यार उचललं ते माझ्या बोलण्यामुळे, की त्या आधीच तिनं ठरवलं होतं, हे मी तिला पुढं बऱ्याचदा विचारलं. शेवटपर्यंत तिनं नीट उत्तर दिलं नाही. आता ती नाही, आणि मला वाटतं ठरवलंच होतं.

वैजू दुपारी आली. गळ्यात लॅबचं ओळखपत्र तसंच, हातात कानांवर लावायचे मफ्स. तिनं चौरंग बघितला, माझ्याकडे बघितलं, मी काय झालं ते सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, आणि चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण मग मी तिच्या बाजूनं आईशी भांडून मोकळा झालो असतो. ती चिडली नाही. चपला काढल्या, रांगोळी न पुसता आईच्या समोर जमिनीवर बसली. वॉल्टर सोफ्यावर टोपी मांडीवर घेऊन, काहीच न कळता, सगळ्यांत जास्त लक्ष देऊन ऐकत होता.

"आई, जागा एकच आहे," ती म्हणाली. "उद्या मी हरले तर हरले. पण न जाता हरायचं नाही मला. तसं एकदा झालंय."

आईनं विचारलं, कधी. वैजूनं सांगितलं. लग्नाच्या आधी दिल्लीला मोठ्या मॅचसाठी निवडीचं शिबिर होतं, तिचं नाव आलं होतं. ते आमच्या साखरपुड्याच्या आठवड्यात पडलं. तिच्या वडिलांनी, मुलाकडच्यांना काय सांगायचं म्हणून, ती आजारी असल्याचं कळवून टाकलं. हे सगळं ती अगदी सपाट आवाजात सांगत होती, पोस्टात पत्ता सांगावा तसं. मी तिच्याशी लग्न करून बारा-तेरा वर्षं झाली होती आणि हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

आईनं निरांजनात थोडं तूप घातलं. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलं असतं तर तारीख पुढं घेतली असती गं. कार्यालय काय, ओळखीचंच होतं."

वैजू हसली, म्हणजे नाकातून नुसती हवा सोडली. वॉल्टरनं आणखी एक वडी घेतली. मग वैजू म्हणाली की आई, मी पूजेतलं काही उचलणार नाही. पण तुमचा दसरा सांगलीचा ना? मग तिकडं उजाडलं की आपल्याकडेही उजाडलं. आणि शुक्रवारी क्लब रात्री दहापर्यंत उघडा असतो.

आईला हा मुद्दा आवडला, कारण तो तिचाच होता. पण तिनं लगेच हो म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे चौरंगाभोवती काहीही न करता वावरलो. मी साबुदाण्याची खिचडी केली, ती चिकट झाली, पण त्या दिवशी कुणी त्याबद्दल बोललं नाही. वॉल्टर घरी जाऊन परत आला आणि म्हणाला, आज पाऊस येणार. आकाश स्वच्छ होतं. सात वाजून गेल्यावर आईनं सांगलीला काकूला फोन लावला. तिकडं पहाट. काकूचा आवाज सगळ्या हॉलभर आला: आपण कधीच उठलोय, सडा झाला, दाराला तोरण लावतेय, तुम्ही झोपलाय का अजून? आईनं फोन ठेवला, उत्तरपूजा केली, चौरंग थोडा हलवला आणि पाना माझ्या हातात दिला. त्याच वेळी तिनं अट सांगितली.

"पहिली गोळी तू मारायची. ज्यानं बसवली त्यानं."

मी वैजूकडे बघितलं. ती खांद्याला बॅग लावत होती. मी वॉल्टरकडे बघितलं. त्याला भाषांतर करून सांगितल्यावर तो म्हणाला की हा नियम त्याच्या छापखान्यातही असायला हवा होता.

इथं हे सांगितलं पाहिजे की मी तोपर्यंत आयुष्यात बंदूक उडवलेली नव्हती. जत्रेतले फुगेसुद्धा नाही. गॅरेजात मी नळी आवळली. वॉल्टरनं दांड्याला हात लावला नाही, फक्त किती आवळलं ते मोजलं. पहिलं गेज घातलं, बोल्ट बंद झाला. दुसरं घातलं, बोल्ट अर्ध्यावर अडला. त्यानं मला पुन्हा करायला लावलं, मग पुन्हा. आई बाजूला उभी राहून बोल्टकडे बघत होती, आणि दुसऱ्या गेजवर तो अडला की मान डोलवायची. गेजला अजून कुंकू होतं. मी पुसायला गेलो तर वॉल्टर म्हणाला, राहू दे, चालेल. मग नळीत बोटभर खोल एक तांदळाचा दाणा सापडला, अक्षतांमधला. तो काढायला वॉल्टरला सळई, फडकं आणि बरेच शब्द लागले, आणि ते सगळे त्यानं आईसमोर जिभेवरच ठेवले.

आम्ही चौघं क्लबवर गेलो. आतल्या लांब खोलीत पांढरा उजेड होता आणि बारुदाचा वास, फटाक्यांसारखा पण कोरडा. नारिंगी जाकीट घातलेल्या माणसानं आईच्या अंबाड्यावर कानांचे मफ्स बसवून दिले. गजरा वाचवण्यासाठी त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. वैजूनं मला पालथं झोपवलं, कोपर कुठं, गाल कुठं, श्वास कधी सोडायचा ते सांगितलं. तिचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता असा होता, वर्गात शिकवल्यासारखा. मी गाल दस्त्याला लावला. नळी माझ्या डोळ्यांसमोर होती, मी बसवलेली. इतर इंजिनिअर आपण बनवलेली लिफ्ट, आपण बांधलेला पूल स्वतः वापरतात म्हणे. मी लिहिलेलं सॉफ्टवेअर मी कधी वापरलं नव्हतं; ते वापरणारे लोक कुठंतरी दुसऱ्या राज्यात होते आणि त्यांचे फोन दुसरे लोक घ्यायचे. हात मी शर्टाला पुसले. मला एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती, की माझ्यानंतर याच जागी वैजूचा गाल येणार आहे. बोल्ट उघडून मी तिला म्हणालो, वॉल्टरला एकदा परत बघू दे. वॉल्टरनं परत बघितलं. मग मी डोळे मिटले आणि चाप ओढला.

आवाज फार मोठा नव्हता. माझं तोंड जागेवर होतं. माझा कागद कोरा होता. शेजारच्या लेनमधल्या बाईच्या कागदावर एक भोक जास्त होतं, अगदी मधोमध, आणि ती बाई त्यानंतर बराच वेळ माझ्याकडे आदरानं बघत होती. माझे डोळे मिटलेले होते, हे मी सांगितलं नाही.

मग वैजू झोपली. पहिल्या काही गोळ्या सगळ्या डावीकडे खाली, पण एकमेकींना चिकटून. तिनं नेमाचा स्क्रू फिरवला, परत मारल्या, परत फिरवला. शेवटच्या कागदावर भोकं इतकी जवळ होती की त्यांचं मिळून एकच झालं होतं, रुपयापेक्षा लहान. आईनं तो कागद उजेडाला धरून त्यातून पलीकडं बघितलं. म्हणाली, कुंकवाएवढं आहे.

शनिवारी सकाळच्या मॅचबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. सहा बायका होत्या. मी आणि आई काचेमागच्या खुर्च्यांवर, तिच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा, जिंकलो तर उघडायचा आणि नाही जिंकलो तरी उघडायचा. वैजू आडवी, झोपलेल्या माणसासारखी स्थिर, फक्त खांदा श्वासाबरोबर हलायचा. बऱ्याच वेळापर्यंत ती पुढं होती. शेवटच्या फेरीत दोन गोळ्या उजवीकडे गेल्या, आणि जागा एका शाळेची बस चालवणाऱ्या बाईला मिळाली, जी त्या दिवशी खरोखरच चांगली मारत होती. वैजूला राखीव ठेवलं. तिनं त्या बाईला मिठी मारली, रायफल पुसली, बोल्ट काढून वेगळा ठेवला, सगळं नेहमीच्या क्रमानं. आईनं दोघींच्या हातावर सोनं म्हणून कॅरीत मिळतात ती कसलीतरी जोड पानं ठेवली. बस चालवणाऱ्या बाईनं ती जपून पर्समध्ये घातली.

परतताना वैजू पुढं बसली, आई मागं. मी गाडी चालवत होतो आणि मनातल्या मनात गेजवर बोल्ट कसा अडला होता ते आठवत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, की काल दुपारभर सराव मिळाला असता तर; किंवा माझं आवळताना केसभर कमी-जास्त झालं असेल तर. मागच्या सीटवर आईनं डब्याचं झाकण उगाच घट्ट दाबलं. वैजू खिडकीबाहेर बघत होती. बरंच अंतर गेल्यावर, आमच्या घराकडे वळायच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "नळी बरोबर बसलीय. त्या दोन गोळ्या माझ्या होत्या, माझ्याच राहू दे." आणि हिरवा झाल्यावर, "पुढची नळी मी बसवते. पहिली गोळीही मीच मारीन. तुम्ही दोघं पूजा करा."